आधी पूल

एतिएन : ही रेघ कोणी मारली?

ओडील : कुठली?

एतिएन : कुठली म्हणजे? लाल माझी आहे. बाझेलवरून थेट स्वित्झर्लंडात शिरायचं, धबधबा अलीकडच्या काठावरून बघायचा, मुक्काम करायचा आणि आल्या वाटेने परत. ही पेन्सिलची रेघ धबधब्यापासून वर कुठे चालली?

ओडील : तितीझेच्या तळ्याकडे. फार सुंदर रस्ता आहे म्हणे. दोन्ही बाजूंनी नुसतं रान.

एतिएन : तितीझे जर्मनीत आहे.

ओडील : अरे, तळं आहे ते!

एतिएन : आणि तळ्यावरून फ्रायबुर्ग. फ्रायबुर्गवरून ब्राइझाखचा नदीवरचा पूल. पूल ओलांडला की फ्रान्स, आपलं घर. वा! तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला फिरायला न्यायला निघालो, आठ दिवसांवर द्राक्षांची तोडणी आली असताना निघालो, आणि ही माझ्याच नकाशात घुसते.

ओडील : फ्रायबुर्गला आपली मुलगी राहते, एतिएन. लपवून काय घुसायचंय? ठळक रेघ मारलीय, दिसावी म्हणूनच.

एतिएन : मुलगी येते की दर महिन्याला. जावई येतो, नात येते. माझ्या तळघरातली वाइन पितो तो, मी कधी हात आखडता घेतला?

ओडील : नाही घेतलास. पण अकरा वर्षांत तिचा उंबरा नाही ओलांडलास. पाऊण तासाचा रस्ता! परवा सिल्के काय म्हणाली माहितीये? "आजी, हा रस्ता एकाच बाजूने चालतो का?"

एतिएन : सहा वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं?

ओडील : कोणी शिकवायला कशाला पाहिजे? डोळे आहेत तिला.

एतिएन : मग काय सांगितलंस तिला?

ओडील : आता रागावू नकोस. सांगितलं, आजोबांना पुलाची भीती वाटते.

एतिएन : काय?

ओडील : मग काय सांगू? तेवढंच सुचलं त्या वेळी. तर तिने चित्र काढलं. तू होडीत बसलायस, मी वल्हवतेय. फ्रीजवर लावलंय ते. तुला वाटलं, सुट्टीचं चित्र.

एतिएन : सगळ्या गावात शोभा करशील माझी. मला पुलाची भीती नाही!

ओडील : मग कशाची आहे?

एतिएन : टार्ट उचल तो. नकाशावर आलुबुखाराचा रस सांडतोय.

ओडील : टार्ट राहू दे. शनिवारी तिच्या शाळेचा पहिला दिवस आहे. तिकडे पोरांच्या हातात उंच कागदी शंकू देतात, खाऊने भरलेला. तो तुझ्या हातून हवाय तिला.

एतिएन : म्हणजे कपाटावरचा तो निळा कागद...

ओडील : तोच. तीनदा चिकटवला, तीनदा सोडवला.

एतिएन : बाप देईल की शंकू. नाहीतर तिकडचा आजोबा देईल.

ओडील : तिकडचा आजोबा नाहीये.

एतिएन : नाही म्हणजे?

ओडील : डीटरचे वडील युद्धात रशियात मारले गेले. चव्वेचाळीस साली. डीटर तेव्हा चार वर्षांचा होता.

एतिएन : मला कोणी बोललं नाही.

ओडील : तू विचारलंस कधी? तो आला की तू द्राक्षांवर बोलतोस, पावसावर बोलतोस, आणि ग्लास भरतोस. तो बिचारा ग्लास रिकामा करतो. घरी जाताना मोनीकला विचारतो, "आज चुकलं का काही माझं?"

एतिएन : त्याचं काही चुकत नाही.

ओडील : मग त्याला कळू दे ते!

एतिएन : हे बघ, तुला सगळं माहीत आहे. युद्धात जर्मनांनी आपला मुलूख गिळला, आणि अठराव्या वर्षी मला त्यांच्या सैन्यात ओढलं. फ्रान्सचा पोरगा, अंगावर त्यांचा गणवेश! शेजारचा आल्फोन्स पळून गेला स्वित्झर्लंडात, तर त्याच्या आईबापाला, धाकट्या बहिणींना, सगळ्यांना उचलून जर्मनीत नेऊन टाकलं. म्हणून मी गेलो. गुपचूप गेलो. आणि परत आलो तेव्हा आपलेच लोक विचारत होते, "कुठल्या सैन्यात होतास रे?" हे सगळं माहीत असून तू पेन्सिल घेऊन बसतेस?

ओडील : हो, बसते. कारण मीही तेहेतीस वर्षं त्या पुलाच्या अलीकडे काढलीत. मला कोणी सैन्यात नेलं नव्हतं. मोनीक बाळंत झाली तेव्हा मी गेले नाही, तू एकटा पडशील म्हणून. तिला टाके पडले, ताप आला, आणि मी इथे बसून मोजे विणत होते. आता बास झालं.

एतिएन : बास म्हणजे?

ओडील : म्हणजे तू आलास तर तुझ्याबरोबर. नाही आलास तर मी एकटी.

एतिएन : एकटी कशी जाशील? उडत?

ओडील : गाडीने.

एतिएन : गाडी कोण चालवणार?

ओडील : हे बघ.

एतिएन : हा... हा परवाना कोणाचा?

ओडील : नाव वाच. फोटोही आहे, वाईट आलाय. आणि मी गुरुवारी चर्चमध्ये गायला जात नव्हते.

एतिएन : वर्षभर?

ओडील : चौदा महिने. एकदा नापास झाले. गाडी मागे घेताना बेकरीच्या खांबाला लावली.

एतिएन : तो खांब तू वाकवलास? मी टपालवाल्याला नावं ठेवत होतो!

ओडील : माहितीये. मी गप्प बसले.

एतिएन : हसू नकोस. मला हसू येत नाहीये.

ओडील : मी पण हसत नाहीये, एतिएन. तुला टाकून जायचं मला नकोच आहे. पण जाईन. शनिवारी त्या पोरीच्या हातात शंकू पडेल.

(एतिएन परवाना उलटून बघतो, मग नकाशावर ठेवतो.)

ओडील : ओरड हवं तर.

एतिएन : तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही.

ओडील : सांग.

एतिएन : भरती झाल्यावर आमची आगगाडी कोल्मारहून निघाली आणि पुलावरून पलीकडे गेली. ब्राइझाखला उतरवलं. टेबलामागे एक कारकून बसला होता, माझ्याच वयाचा, सर्दी झालेला. म्हणाला, "नाव?" मी म्हटलं, एतिएन. तो म्हणाला, "असलं नाव आमच्याकडे नसतं. श्टेफान." आणि त्याने लिहिलं. मी तिथे उभा होतो, ओडील. मला काहीच बोलता आलं नाही. "नाही" एवढंसुद्धा नाही.

ओडील : अठरा वर्षांचा होतास रे.

एतिएन : पुढे आईसुद्धा पाकिटावर श्टेफान लिहायची. नाहीतर पत्र पोचायचं नाही. तिच्या अक्षरातलं ते नाव... मी पत्रं फोडायचो आणि पाकिटं जाळायचो.

ओडील : एवढी वर्षं पोटात ठेवलंस?

एतिएन : यात सांगण्यासारखं काय आहे? कोणी मारलं नाही, झोडलं नाही. नाव विचारलं फक्त. रबर दे.

ओडील : खोडू नकोस. हात जोडते तुला.

एतिएन : दे म्हणतो ना.

(तो बराच वेळ नकाशावर वाकलेला असतो. ती टार्टची ताटली उचलते, पुन्हा तिथेच ठेवते.)

ओडील : हे काय? रेघांवरचे बाण उलटे केलेस?

एतिएन : शुक्रवारी निघायचं. आधी पूल. मग मोनीकचं घर. शनिवारी शाळा, रविवारी तळं, आणि धबधबा शेवटी.

ओडील : म्हणजे पूल पहिल्याच तासात?

एतिएन : मग? आधी दोन दिवस धबधबा बघत त्या पुलाचा विचार करत बसू? वाटेतच उतरून पळून जाईन मी. आणि मुलीला फोन कर. डीटरला काय आवडतं विचार, माझ्या वाइनशिवाय.

ओडील : करते. आत्ता करते. आणि पुलावर गाडी...

एतिएन : तू चालव. तिथे माझे हात काय करतील, सांगता येत नाही. फक्त खांबांपासून लांब राहा.

ओडील : बरं. दोघांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये ठेवते. चौकीवर मीच दाखवेन, मीच बोलेन. तू नुसता समोर बघ.

एतिएन : दाखव तू. पण त्याने नाव विचारलं, तर तू नको सांगू. मी सांगेन.