उपाशी पळणारा जावई

सासुरवाडीत जावयाला पळू देऊ नका गड्यांनो, सांगून ठेवतो. आमचा जावई पुण्याचा, लांब पळायच्या शर्यतीतला. धोंड्याच्या महिन्यात हिनं त्याला पुरणपोळीला बोलावला, तर म्हणतो, "मामा, तीन महिने गोड बंद आहे. अंगातली चरबी जाळून पळायची सवय लावतोय." पोळी बाजूला सारली आन् वाटीतलं तूप तेवढं प्याला! हिचं तोंड उतरलं.

सकाळी गडी उपाशीपोटीच औंधाच्या रस्त्यानं पळत सुटला. तासाभरानं पुढच्या वस्तीवरचा तुका त्याला फटफटीवर घालून घेऊन आला.

"तात्या, पावणं रुसून निघालं व्हतं. घरी नेऊन समजूत काढली, खायला घातलं."

"आरं गाढवा, त्यो सराव करत व्हता!"

जावई म्हणाला, "सांगत होतो मामा, कुणी ऐकेना. तीन महिने पाण्यात गेले."

"काय घातलंस रं खायला?"

"रातच्या पुरणाच्या पोळ्या व्हत्या की. चार खाल्ल्या पावण्यांनी."

ही दारात उभी व्हती. "माझी ताजी एक न्हाई, आन् तुक्याच्या बायकुच्या शिळ्या चार?"

दुपारी हिनं ताट वाढलं. गडी मुकाट पाच खाऊन उठला.