सुचवणाऱ्याचं नाव

रत्नमाला : तू त्यांना हो म्हणालास? माझ्याकडे बघून सांग, पुंजाराम. म्हणालास की नाही?

पुंजाराम : तसं तोंडानं नाय म्हनलो, ताई. मान हलवली.

रत्नमाला : कशी?

पुंजाराम : वर-खाली.

रत्नमाला : झालं. अरे, अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे, तात्यासाहेबांना मास्तरांच्या त्या नाटकात मास्तर करायचाय. वीस वर्षं वाट बघताहेत, कुणीतरी ते सुचवेल म्हणून. स्वतः सुचवता येत नाही, कारण मंडळाचा नियम त्यांनीच केलेला. ज्यानं नाटक सुचवलं, त्यानं त्यात काम करायचं नाही. आणि तू मान हलवून आलास.

पुंजाराम : मी शेंद्र्याहून शिफ्ट करून उतरलो, तर ते स्टॉपवरच हुभे. म्हनले, पुंजा, यंदा पाडव्याला मास्तर सुचव. मंडळ काढलेला मानूस. त्यांना काय म्हनायचं मी?

रत्नमाला : नाही म्हणायचं.

पुंजाराम : मंग तुमी म्हना की. डायरेक्टर तुमी.

रत्नमाला : म्हणणारच होते. गेल्या पाडव्यापासून म्हणणारच आहे. त्या प्रयोगात काय झालं होतं, विसरलास? दुसऱ्या अंकात त्यांनी नुसता चहा मागायचा होता. ते तिसऱ्या अंकातलं बोलले आणि मरून पडले.

पुंजाराम : विसरतो कसा? मी मुलगा होतो न त्यांचा. बाप मेला म्हनल्यावर काय करावं, लागलो रडायला. पडदा पाडला, पब्लिक उठून भेळ खायला गेलं.

रत्नमाला : आणि हे मेकअप पुसत मला म्हणतात, यंदा प्रयोग आटोपशीर झाला.

पुंजाराम : टाळ्या पडल्या पन, ताई.

रत्नमाला : त्याच्या आधीची दोन नाटकं कशी निघाली ते मला विचार. विंगेत उभी राहायचे मी. डोक्यावरून विमान गेलं की त्या आवाजात ओरडून त्यांना पुढचं वाक्य सांगायचे. चिकलठाण्यात राहण्याचा तेवढाच फायदा. पण मास्तर दोन तास स्टेजवरून हलत नाहीत, पुंजाराम. तेवढी विमानं आहेत का आपल्याकडे?

पुंजाराम : मंग आज सांगून टाका.

रत्नमाला : सांगणारच आहे. पण कसं? मी नववीत असताना माझे वडील या हॉलच्या दारात पट्टा काढून उभे होते. तात्या त्यांच्याशी भांडले आणि मला स्टेजवर उभं केलं. त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की आता बस करा? रात्रभर वाक्य जुळवते आणि सकाळी ते बरोबर वाटत नाही. वैताग आलाय नुसता.

पुंजाराम : ताई, आता वैतागल्याच हाव तर एक इचारू? ते वऱ्हाडाच्या गाडीचं नाटक. त्यातला ड्रायव्हर…

रत्नमाला : नाही.

पुंजाराम : पन मी ते सुचवलंच नाय. नुसतं म्हनलो, असं असं एक नाटक हाये.

रत्नमाला : फळ्यावर चढलंय ते. वर नाटक, खाली तुझं नाव. संपलं. दोन विहिणींचं मी सुचवलं. त्यातली थोरली विहीण करायला माझा जीव जातोय, करते का मी? बसलेय गप. ज्याला जे काम करायचं असतं, तो नेमकं तेच नाटक सुचवून बसतो. असलं मंडळ अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल.

तात्यासाहेब : बिलकुल नसेल. पहिल्या वर्षी सात जणांनी सात नाटकं आणली होती, अन् सातही जणांना राजा व्हायचं होतं. नियम केला म्हणून टिकलं.

रत्नमाला : तात्या. या. तुम्ही कधी आलात?

तात्यासाहेब : हा काय, चपला काढतोय. ही सीताफळं धर, रत्ना. दौलताबादला मेव्हण्याकडे गेलो होतो. पुंजा, दाबून बघू नकोस. उद्या होतील.

रत्नमाला : तात्या, मला तुमच्याशी जरा बोलायचंय.

तात्यासाहेब : बोलू की. आधी फळा. दिवाळीला वऱ्हाडाची गाडी, संक्रांतीला विहिणी, पाडवा मोकळा. खडू कुठंय?

पुंजाराम : तात्या, परवा स्टॉपवर माझी मान हलली खरी, पन…

तात्यासाहेब : तुझी मान राहू दे जागेवर. ते डस्टर दे इकडं.

रत्नमाला : अहो, पुंजारामचं नाव का पुसताय?

तात्यासाहेब : वऱ्हाडाची गाडी मी सुचवली.

रत्नमाला : तुम्ही? गेल्या बैठकीत तुम्हीच म्हणालात, असलं पांचट नाटक फुकट दाखवलं तरी बघणार नाही.

तात्यासाहेब : आता पसंत पडलं. दिवाळीला लोकांना हसायला पाहिजे.

पुंजाराम : म्हंजे मी ड्रायव्हर?

रत्नमाला : तू थांब रे. तात्या, माझ्या नावाला हात लावू नका. विहिणींचं नाटक मी शोधून आणलंय. पुसलंत? खरंच पुसलंत?

तात्यासाहेब : तेही मीच सुचवलं. हे बघ, लिहिलं.

रत्नमाला : ही कुठली रीत? इतकी वर्षं हेच चाललंय. तारीख तुम्ही ठरवणार, पडद्याचा रंग तुम्ही ठरवणार, कुणी कुठं उभं राहायचं तेही तुम्हीच. आम्ही कधी नव्हे ते एकेक नाटक सुचवलं, तर तेही तुमच्या नावावर. मी कंटाळलेय, तात्या. मनापासून सांगते, तुम्हाला कंटाळलेय मी.

तात्यासाहेब : चिडलीस की आवाज काय सुरेख लागतो तुझा. थोरल्या विहिणीला असाच लाव.

रत्नमाला : थोरली विहीण मी कशी करणार? नियम…

तात्यासाहेब : नाटक तू कुठं सुचवलंयस? फळा वाच.

पुंजाराम : ताई, आपन दोघं बी सुटलो की.

रत्नमाला : आणि खाली काय लिहिताय? तात्या, पाडव्याच्या खाली मास्तर लिहू नका. मी तुमच्या पाया पडते. आधी माझं ऐका.

तात्यासाहेब : लिहून झालं. आता माझं नाव.

पुंजाराम : अहो तात्या, थांबा. नाव नका टाकू तुमचं. मी सुचवतो न ते, शब्द दिलाय तुमाला. तुमचंच नाव टाकल्यावर मास्तर कसा करता येईल तुमाला?

तात्यासाहेब : नियम मला ठाऊक आहे, पुंजा.

(विमान जातं. तिघंही सवयीनं थांबतात.)

तात्यासाहेब : गेलं. हं, रत्ना, तुला काही बोलायचं होतं.

रत्नमाला : नाही. काही नाही.

तात्यासाहेब : मग सीताफळं नीट ठेव. पिशवी चुरगाळतेयस.

रत्नमाला : तात्या, वीस वर्षं वाट बघितलीत तुम्ही.

तात्यासाहेब : बघितली. आधी वय कमी पडत होतं, म्हटलं केस पिकू देत. तेवढ्यात सगळा मास्तर पाठही करून ठेवला. परवा स्टॉपवरून घरी गेलो अन् आरशासमोर म्हणायला उभा राहिलो, तर पहिल्या पानापुढं जाईना. थांबलो जरा. विमानही येईना.

रत्नमाला : तुम्हाला कळत होतं?

तात्यासाहेब : बहिरा नाही झालो अजून. विमानापेक्षा तुझाच आवाज मोठा असायचा.

रत्नमाला : मला सांगायचं तरी. मी इथं वर्षभर जीव जाळतेय.

तात्यासाहेब : तू तरी कुठं सांगितलंस?

पुंजाराम : मला लई वाईट वाटायलंय, तात्या. मंग मास्तर कोन करनार?

तात्यासाहेब : ते तुम्ही बघा. सुचवणाऱ्यानं त्यात पडायचं नसतं.

रत्नमाला : पण तालमीला याल ना? रोज?

तात्यासाहेब : येईन. विंगेत तुझ्याशेजारी उभा राहीन.

रत्नमाला : द्या तो खडू इकडं. सगळे हात पांढरे झालेत. नळावर चला, धुऊन टाका.

तात्यासाहेब : राहू दे गं थोडा वेळ. रंग लावल्यासारखं वाटतंय.