बेटावरचा शिक्का

त्या पाकिटाचं नाव काढू नका, चहा कडू होईल. आमची भाची स्वाती इंग्लंडमधल्या एका इवल्याशा बेटावर फिरायला जाणार होती. त्या बेटाची स्वतःची टपाल तिकिटं आहेत. तिला चारदा बजावलं, तिकीट लावून पाकीट तिथल्याच पेटीत टाक, मला माझ्या संग्रहासाठी त्यांचा शिक्का हवाय.

दोन महिने मी पोस्टमनची वाट बघतोय. परवा स्वातीच बडोद्यात गोत्रीला आमच्या घरी आली आणि पर्समधून पाकीट काढलं. तिकीट होतं, शिक्का नव्हता.

"मामा, मी बडोद्याला येणारच होते. पोस्टात हरवलं असतं तर?"

मी जेवलो नाही.

आज सकाळी बायको बाहेरून हसतच आली. "अहो, एवढ्यासाठी रुसायचं? शेजारच्या रीनाबेन पोस्टातच आहेत. मारून दिला शिक्का."

बडोद्याचा.