सत्ताविसावी पलटण

अध्यक्षस्थानी बसलेले आपले कमांडरसाहेब, व्यासपीठावरचे तिन्ही डिव्हिजनप्रमुख, पुनर्रचना समितीचे मान्यवर सदस्य, समोरचे अधिकारी आणि जवान, कचेरीतले माझे सोबती, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी,

मला बोलायची सवय नाही. एकतीस वर्षं मी नकाशाखोलीत काम केलं, आणि तिथे बोलायचं काम पाटीमास्तर करत. गेल्या थंडीत ते गेले. तेव्हापासून खोलीत घड्याळाचा आवाज ऐकू येतो. आज निवृत्तीला तुम्ही मला आणखी एक घड्याळ दिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

आमचं काम सोपं होतं. आपल्या प्रादेशिक कमांडची रचना भिंतीवरच्या फलकावर दाखवायची. वर कमांड, खाली तीन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडखाली तीन पलटणी. प्रत्येकीची लाकडी पाटी, हुकाला टांगलेली. पाट्या मास्तर रंगवत, मी टांगत असे.

अडचण एकच. शेवटच्या ब्रिगेडमध्ये मुळात दोनच पलटणी. तिसरा हुक रिकामा. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "इथली पाटी पडली वाटतं?" मग साहेबांच्या समाधानासाठी आम्ही दोघं कपाटाखाली वाकून शोधायचो. वर्षातून चाळीसदा. माझी कंबर तिथेच गेली.

एक दिवस मास्तर म्हणाले, "अरे, शोधून सापडत नाही, तर रंगवून टाकू."

"मास्तर, पलटण कुठे आहे?"

"हुक आहे ना? मग पलटण येईल मागाहून."

मास्तरांनी 'सत्ताविसावी पलटण' अशी पाटी रंगवली, मी टांगली. इथे कचेरीतले माझे सोबती खाली बघू लागलेत. कारण टपालाची यादी ते दर महिन्याला त्या फलकावरूनच उतरवून घेतात. पुढच्याच महिन्यात सत्ताविसाव्या पलटणीला पत्र आलं, पत्ता नाही म्हणून फिरून आमच्याच खोलीत. मासिक अहवाल पाठवा. मास्तरांनी तो भरला. आजारी, निरंक. तक्रारी, निरंक. रजेवर, निरंक. हजर, निरंक. एक अक्षर खोटं नाही. आणि कोणी हूं की चूं केलं नाही, कारण निरंक म्हणजे सगळं ठीक, असा आपल्याकडे समज आहे.

साहेब, पाणी घ्या. अजून थोडं आहे.

थंडीत आठशे जोड पायमोजे आले. मास्तरांनी ते गरज नाही म्हणून परत पाठवले. काटकसरीचं प्रशस्तिपत्र आलं. मग मोठा सराव झाला. परीक्षक दोन दिवस रानात फिरले, त्यांना सत्ताविसावी कुठेच दिसली नाही. छद्मावरणाची, म्हणजे उत्तम लपण्याची, बक्षिसाची ढाल तिलाच मिळाली. ती ढाल कुठे गेली, असं डिव्हिजनप्रमुख विचारत होते. ती आमच्या कपाटात आहे, तिच्यात ब्रश उभे राहत नाहीत.

अकरा वर्षं चाललं. मी भित्रा माणूस. मास्तर दवाखान्यात होते तेव्हा मी विचारलं, "आता सांगून टाकू का?" ते म्हणाले, "सांग, पण समारंभात सांग. चारचौघांत साहेबांना रागावता येत नाही." मास्तरांच्या पत्नी, या आमच्या वहिनी, तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "जाताना तरी शहाणपण शिकवा त्याला."

तरीही मी गप्प राहून घरी गेलो असतो. पण परवा समितीचा मसुदा माझ्याकडे फलकासाठी आला. शेवटच्या ब्रिगेडमधली एक पलटण मोडायची आहे. ओल्या बुटांच्या, रजेच्या, जेवणाच्या सर्वाधिक तक्रारी तिथल्या पूल बांधणाऱ्या, पूलवाल्या पलटणीच्या, म्हणून ती मोडायची. आणि एकही तक्रार नसलेली सत्ताविसावी आदर्श म्हणून ठेवायची. उद्या सकाळी सही आहे.

सुभेदारसाहेब, बसा. तुमच्याच पलटणीचं सांगतोय.

समितीच्या सदस्यांना एवढंच विचारतो. नदीला पूर आला, तर पूल कोण बांधणार? पूलवाले कुरकुर करतात, कारण ते खरोखर पाण्यात उभे असतात. ज्यांचे पाय ओले होतात तेच बुटांबद्दल बोलतात. मोडायचीच असेल, तर सत्ताविसावी मोडा. कोणाच्या घरी रडारड होणार नाही.

ही ती पाटी. आज सकाळी मी काढून आणली. साहेब, ती आपल्या हाती देतो. आपण हसताय, म्हणजे मास्तरांचा अंदाज बरोबर होता.

हुक आता रिकामा आहे. कोणी विचारलं, तर कृपा करून कपाटाखाली बघू नका.

आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि एक चूक माझी एकट्याची, तिचीही माफी मागतो. सत्ताविसाव्या पलटणीचा शेवटचा अहवाल या महिन्यात मी भरला. आजारी, निरंक. तक्रारी, निरंक. फक्त हजर या रकान्यात माझ्याच्याने निरंक लिहवेना. तिथे मी एक लिहिलं, आणि पुढे मास्तरांचं नाव.