दोन हात, एक पाय

शुक्रवारी बाबा नेहमीसारखे शीळ घालत कामावर गेले आणि ट्रकमधून उतरताना पडून वारले. महिन्याने मुलगी त्यांचं सामान न्यायला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आली. शेजारच्या बाकावर दोन ड्रायव्हर बोलत होते.

"आज सकाळी केबिनमधून खाली उडी टाकणार, तोच मागून आवाज आला. 'तोंड गाडीकडे कर, शहाण्या! दोन हात, एक पाय टेकलेला ठेव.'"

"म्हातारा अस्संच ओरडायचा."

"म्हाताराच होता."

"काहीतरीच! मग तो स्वतः कसा पडला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, 'एका हातात फोन होता.'"

मुलगी उठली, आवारातल्या बाबांच्या ट्रकपाशी गेली आणि केबिनच्या पायरीवर तिने हात टेकला.

"बाबा, तो फोन माझा होता. येताना साबण आणा, एवढंच सांगायचं होतं."