रबराला खोबरेल

—हसू नकोस, कमळाकर! जबडा बांधलाय तुझा, डोळे नाही बांधले, दिसतंय मला. बस त्या खुर्चीवर. पिशवी ठेव खाली, बेलपाडा काही पळून जात नाही. पुन्हा तिथल्या मिठागरावर जायचं म्हणे! तुझी बहीण सांगत होती. दुकान दोघांचं, कॉफीचं यंत्र दोघांचं, अन् मेहुणेबुवा निघाले मीठ ओढायला — फडकं गुंडाळलेलं तोंड घेऊन!

हे बघ. काय आहे हे? रबरी वायसर. म्हणजे होता. मुंबईच्या हॉटेलवाल्याने यंत्र विकताना बजावलं होतं — दांडा खाली ओढा, सोडा, स्प्रिंग त्याला सावकाश वर नेते अन् आतला दट्ट्या पाणी कॉफीतून दाबतो. त्या दट्ट्याच्या वायसरना तेल लावू नका. मी तुला सांगितलं. पुन्हा सांगितलं. अन् तू? दर शुक्रवारी यंत्राला हळदकुंकू, वायसरना खोबरेल! का, तर स्टोव्हच्या पंपातलं कातडं खोबरेलानं मऊ राहतं. अरे, ते कातडं, हे रबर! ‘दाजी, तेलाबिगर काय चालतं? काय नाय.’ तुमच्याकडे डोक्याला तेल, कुलपाला तेल, मारुतीला तेल — मग रबराने काय घोडं मारलंय, नाही का?

रबर प्यालं ते तेल. फुगलं, लिबलिबीत झालं, अन् काल पुण्याच्या मोटारवाल्यांसमोर फाटलं. पाणी गेलं भलतीकडे, दांड्याला अडवायला कोणी नाही — सुटला तो थेट तुझ्या हनुवटीवर. तू फरशीवर आडवा, अन् त्यांच्यातली बाई विचारते, ‘आमची कॉफी?’ मी तिला काय म्हणालो ते तू ऐकलं नाहीस, बरं झालं. जन्म कचेरीत गेला, पण तसले शब्द कुठल्या अर्जावर नाही लिहिले.

मान काय हलवतोस? मला वाटलं, गेलास. नाडी बघत बसलो होतो — चांगली धडधडत होती. डॉक्टर म्हणाले, हे तुमचंच मनगट आहे.

असो. ही डब्यातली शेवटची जोडी. परदेशी माल आता मिळत नाही, समजलं? कढत पाण्यात घालून मऊ केली, नुसत्या पाण्यानं ओली करून बसवली, वायसरचं तोंड दाबाकडे. तेल नाही! कॉफी मला जमली असती तर तुला केव्हाच हाकलला असता. मी केली की नुसतं काळं पाणी. लोक मोटारी थांबवतात ते तुझ्यासाठी — म्हणजे, कॉफीसाठी.

झालं. दट्ट्या आत गेला, पाणीही तापलंय. आता जा. जा म्हणतो ना! मीठ गोळा कर. हे धूड मी भंगारात घालतो. समोरचा चहावाला नारळ फोडेल. पिशवी घे, दार तिकडे—

तिकडे कुठे? कमळाकर, पिशवी! दांड्याला हात लावू नकोस. अरे, कोरडा ओढू नकोस, आधी कॉफी भर! भरलीस? दाबून भर. तोंड बाजूला घे. आणखी बाजूला, गाढवा. हं. आता सोड... हळू—