घोडीच्या पोटातली गाडी

"तबेल्याच्या साहेबानेच तिचं पोट बंद पाडलं, ताई. तोंडावर सांगेन मी."

"सांग. आधी खाली बस."

घोडीला तपासायला मागच्या आवारात नेलं होतं. दवाखान्यातला पंखा संथ फिरत होता. मांडीवर मांजराची टोपली घेऊन पेंगणाऱ्या शिंपिणीला शेजारच्या बाकावरचा घोडीचा मोतद्दार आणि त्याची बहीण झोपेतूनच ऐकू येत होते.

"चांगल्या जंतूंची नवी पावडर आणि दुप्पट धाव, दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं."

"पावडर पोटाला चांगली असते म्हणे."

"असेल. पण पोटातले जंतूच तिचं गवत पचवतात. घरात नवे पाहुणे आणायचे आणि त्याच दिवशी घरही हलवायचं?"

"तू बोलला नाहीस?"

"बोललो. म्हणाला, शर्यत जवळ आलीय."

"बायकोच्या पोटाची कधी एवढी चौकशी केली नाहीस."

"ती बोलून दाखवते. घोडीच्या पोटाला कान लावावा लागतो. लावला की वाटायचं, लांब कुठेतरी पुलावरून गाडी चाललीय. कितीदा तसाच उभ्या उभ्या झोपलोय."

"आणि आज?"

"आज पूल रिकामा."

शिंपिणीच्या पेंगेत तो पूल आला, लांबलचक, धुक्यात बुडालेला. ती गाडीची वाट बघत राहिली.

मागचं दार उघडलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "मांजरवाल्या बाई, या."

शिंपीण उठली, पण जागची हलली नाही.

"माझं राहू द्या. आधी घोडीचं सांगा. पोटात आवाज आहे की नाही?"